आवाज बंद ठेवून बघा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

कानाच्या तपासणीची वेळ मंगळवारी सकाळी ११ची घेऊन टाकली आहे. विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. बाबा, रागावू नका. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी होतात. स, श, फ गळतात. आ, ओ मात्र नीट पोचतात. म्हणून टीव्ही कितीही मोठा केला तरी गोंगाटच वाढतो, शब्द काही सुटे होत नाहीत. आई पुटपुटत नाही हो, खरंच.

तोवर पेन ड्राइव्हवर ऐकावा न लागणारा सिनेमा पाठवते आहे. चॅप्लिनचा ‘शोल्डर आर्म्स’. आई, ‘लढाईवर कसलं हसायचं’ म्हणशील. तो २० ऑक्टोबर १९१८ला आला आणि पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या ११ नोव्हेंबरला, म्हणजे शिपाई तेव्हा खंदकातच होते. चॅप्लिन स्वतः सैन्यात गेला नाही म्हणून लोक त्याला नावं ठेवत, तरी हे धाडस त्याने केलं. आणि हसू येतं ते चिखलाचं, उवांचं, घरच्या आठवणीचं. पाठ खाजवायला तो चक्क किसणी वापरतो. खंदकात पाणी भरतं तेव्हा पाण्याखालच्या बिछान्यात फोनोचा कर्णा तोंडाशी धरून श्वास घेतो. घरून आलेलं चीज इतकं घाण मारतं की गॅसचा मुखवटा चढवून ते शत्रूच्या खंदकात भिरकावतो. झाडाचं सोंग तर विचारूच नका. सार्जंट आणि जर्मन बादशहा कैसर, दोन्ही त्याचा सावत्र भाऊ सिडनीच आहे. मिशांवर जाऊ नका, चाल बघा.

एक जागा मात्र चुकवू नका. टपाल येतं, ह्याला पत्र नसतं. दुसऱ्याच्या खांद्यावरून तो त्याचं पत्र वाचतो आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे जे उमटतं ते ते ह्याच्याही चेहऱ्यावर येतं. बाबा, त्याच लढाईतली, मेसोपोटेमियातून (आताच्या इराकमधून) आलेली ती पत्रं ट्रंकेत वरच आहेत ना? वाळवी बघा एकदा.

आता नीट ऐका. टीव्हीवर चित्र ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या असू देत. ‘झूम’ केलंत की खालून पाय कापले जातात आणि ह्या माणसाचं निम्मं काम पायांत आहे. सुरुवातीच्या कवायतीत तर सगळंच. टीव्हीच्या सेटिंगमधलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, नाहीतर चित्र मेणचट दिसतं. वेगाला हात लावू नका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. १,००० फुटांच्या रिळात १६,००० चित्रं. सेकंदाला १६ दाखवली तर रीळ साडेसोळा मिनिटं चालतं, २४ दाखवली तर अकरा मिनिटांत उरकतं. माणसं उंदरासारखी पळतात ती त्यामुळे, मुळात तशी नव्हती. तीन रिळं आहेत, पाऊण तासाच्या आसपास चालायला हवीत. अर्ध्या तासात संपली तर मला फोन करा. फोन आईने करायचा.

मधूनमधून येणाऱ्या संवादाच्या पाट्या इंग्रजीत आहेत. त्यांचं मराठी मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात घातलं आहे. १३ जर्मन एकट्याने कसे पकडले, ह्यावर तो म्हणतो, ‘मी त्यांना घेरलं.’ ही पाटी झरकन जाते, तिथे थांबवा.

आई, खोलीत पूर्ण अंधार करू नकोस. उठताना पाय अडखळेल. पायावर शाल घे. चहा पहिल्या रिळानंतर, आधी नाही. बाबांना दाराकडची खुर्ची दे, म्हणजे मध्येच उठायला सोपं. माझी ती जुनी उशीसुद्धा कुणीतरी माझ्या वतीने मांडीवर घ्या.

आणि बाबा, मंगळवारपर्यंत कानात काडी, पिन, किल्ली काहीही घालायचं नाही. मळ असेल तर तिथे काढतील. काडीने तो आत ढकलला जातो आणि तपासणी चुकते. रिक्षावाल्याला साडेदहाला सांगून ठेवलं आहे.

तुमची,
ठमी