दिवेलागणीला दीपगृहाच्या आवारात थांबू द्या

संपादक महोदय,
स. न.

गेली काही वर्षं मी कोकणातल्या दीपगृहांचे फोटो काढतोय, हौस म्हणूनच, पण आता जरा मनापासून लिहावंसं वाटलं. रत्नागिरीला रत्नदुर्गच्या टोकावर 1867 पासून बत्ती आहे (आमच्याकडे दीपगृह कोणी म्हणत नाही, बत्तीच म्हणतात). संध्याकाळी तिकीट काढून वर गेलं की एकीकडे अख्खा समुद्र दिसतो आणि दुसरीकडे मिरकरवाडा बंदर, बोटी, सगळं दिसतं. पण जरा कुठे सूर्य खाली यायला लागला की वेळ संपली म्हणून सगळ्यांना बाहेर काढतात, म्हणजे ज्या दिव्यासाठी एवढा मनोरा उभा केलाय तो पेटताना जवळून बघायलाच मिळत नाही.

बरं, ऐन फोटोची वेळ तीच असते. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं, मनोराही दिसतो आणि दिवाही दिसतो. नंतर काळोख झाला की नुसता एक पांढरा ठिपका राहतो. मी मग मांडवीच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून लांबूनच काढतो, आधी घड्याळ लावून किती सेकंदांनी लुकलुकतंय ते मोजायचं आणि शटर तेवढा वेळ उघडं ठेवायचं, दर दोन मिनिटांनी लेन्सवरचं खारं पाणी पुसायचं. जिथे बत्तीच्या दिव्याभोवतीचं भिंग फिरतं ठेवलेलं आहे तिथे हवेत दमटपणा असेल तर झोतच्या झोत फोटोत येतो, स्वच्छ कोरड्या हवेत तो येत नाही. आता फिरत्या भिंगांऐवजी उघडझाप करणारे एलईडी दिवे बसवले जातायत, वीज वाचते, देखभाल कमी लागते, त्याला माझी हरकत नाही. पण त्यात झोत फिरत नाही हो. म्हणून जिथे अजून फिरतोय तिथले फोटो आत्ताच काढून ठेवायला हवेत.

फेब्रुवारी 2024 मध्ये देशातली 75 दीपगृहं पर्यटनासाठी म्हणून लोकार्पण झाली, त्याआधी सप्टेंबर 2023 मध्ये गोव्यात आग्वादला पहिला दीपगृह महोत्सवही झाला. चांगलंच झालं. पण आग्वादला लोक 1864 च्या जुन्या मनोऱ्यासमोर सेल्फी काढून परत जातात, तो तर 1976 पासून बंद आहे, आणि शेजारी जे नवं दीपगृह रोज रात्री काम करतं त्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. कसं जाणार, पर्यटन म्हटलं की बाग, बाकडी, कॅफे आणि मनोऱ्यावर सोडलेले रंगीत फ्लडलाईट, एवढंच डोक्यात येतं.

या फ्लडलाईटचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक बत्तीची किती सेकंदांत किती वेळा चमकायचं अशी ठरलेली खूण असते, त्यावरूनच रात्री समुद्रात असलेल्या माणसाला कळतं की ही अमुक ठिकाणची बत्ती. किनाऱ्यावर मागेपुढे झगमगाट वाढला की ती खूण त्यात हरवते. मिरकरवाड्यातल्या एका तांडेलांना (म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखांना) मी विचारलं की आता जीपीएस असताना बत्ती कशाला बघता, तर म्हणाले, मशीन बंद पडलं की मग काय बघू, बत्तीच ना. फोटोत आम्हाला जो त्रास होतो तोच त्यांना तिथे पाण्यात होतो, आमचा फोटो वाया जातो एवढंच, त्यांचं तसं नाही.

तर मागणी साधी आहे. वर गॅलरीत नको, तिथे दिव्याचं काम चालू असतं आणि कर्मचाऱ्यांना आमची अडचण होईल हे मान्य आहे. पण महिन्यातून एक संध्याकाळ, आधी नावं घेऊन, वीस-पंचवीस जणांना खाली आवारात दिवा लागून तासभर होईपर्यंत थांबू द्यावं. जास्तीचं तिकीट लावा, आम्ही देऊ. शाळेतली मुलं पण आणता येतील, रत्नागिरीतच वाढलेल्या कितीतरी मुलांनी ही बत्ती पेटताना जवळून बघितलेली नाही. आणि त्या संध्याकाळी तरी आवारातले बाकीचे दिवे बंद ठेवा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी