जंताची गोळी मजूर बायांनाही द्या

महोदय,
2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत 1 ते 19 वयोगटाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते. उपक्रम चांगलाच आहे. पण अंकुशकृमी (हुकवर्म) हा रक्त पिणारा जंत मुख्यतः तळपायातून शिरतो, आणि आमच्याकडे पावसाळाभर अनवाणी वावरात असते ती निंदणारी बाई. गरोदरपण सोडलं तर तिच्या वाट्याला ही गोळी सहसा येत नाही.

धुऱ्याच्या (बांधाच्या) आडोशाला पडलेल्या विष्ठेतली या जंताची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात. पाच ते दहा दिवसांत अळी कातडी भेदण्याजोगी होते. उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या मातीत ती मरते. ओलीत तीन-चार आठवडे जगते. काळ्या चिखलात चप्पल रुतते, म्हणून बाया ती धुऱ्यावरच काढून ठेवतात. बोटांच्या बेचक्यांत पुरळ येऊन खाज सुटली, की चिखल्या समजून मलम लावतात. इकडे अळी रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोचते.

तिथला लहान जातीचा एक जंत रोज साधारण 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो. मोठ्या जातीचा त्याच्या पाचपट. लहान जातीचे शंभर धरले तरी महिन्याला 90 मिलिलिटर, म्हणजे पाळीत सरासरी जातं त्याच्या दुपटीहून जास्त. पोट दुखेलच असं नाही. दम लागतो, हातपाय गळतात. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे अशक्तपणा थेट हिशेबात दिसतो. मग ‘ताकदीची बाटली’ म्हणजे सलाईन लावायला पुन्हा मजुरीच मोडते. अर्ध्या लिटर सलाईनमध्ये असतं साडेचार ग्रॅम मीठ, लोह अजिबात नाही!

आमची मागणी अशी : पाऊस सरल्यावर, वेचणीआधी गावातल्या प्रत्येक मजुराला 400 मिलिग्रॅमची एक गोळी समोर चावून खायला द्यावी. बायांना पाळीची तारीख आधी विचारावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. नुसते जंत पडल्याने गेलेलं रक्त भरून येत नाही, म्हणून हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या किमान तीन महिने द्याव्यात, आणि त्या चहासोबत घेऊ नयेत हे तिथेच सांगावं. गोळी मातीतल्या अळ्या मारत नाही; निंदणाला गमबूट मिळाले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात जंत पुन्हा होतात.

वाटप संध्याकाळी सातनंतर ठेवावं. सकाळी अकराला आशाताई घरी गेल्या तर दाराला कडी असते.

– ग्रामीण आरोग्य कार्यकर्ते, यवतमाळ जिल्हा