आठवणी खऱ्या कशावरून, असं तू विचारलंस

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "बघू, सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. असले विषय मला फोनवर धड बोलता येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. लिहायला बसलं की जरा सुचतं.

लहानपणी मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं पुढे त्यावर पुस्तकं लिहितात. त्यांत पानंच्या पानं संवाद असतात, कोणी कुठले कपडे घातले होते तेही असतं. इतक्या वर्षांनी एवढं सगळं आठवतं कसं, आणि ते खरं कशावरून, असा तुझा प्रश्न. लागोपाठ अशी पुस्तकं वाचल्यावर संशय येणारच, आणि तो यावाच.

संवादांचं आधी उरकतो. सात वर्षांच्या मुलाला कोणाचंही बोलणं शब्दशः पाठ राहत नाही. आत्मकथनातले संवाद लेखकाने आठवणीच्या आधारे रचलेले असतात आणि वाचकाने ते तसेच धरायचे असतात. त्यावरून पुस्तक खोटं ठरत नाही. मात्र एखादी वस्तू, एखादी जागा लख्ख राहते आणि तिच्या अवतीभवतीचं सगळं पुसलं जातं. इंग्लिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फने 1939 साली आपल्या आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. आरशात बघायची आपल्याला लाज का वाटते, याचा माग काढता काढता ती एका फरशीपाशी येते. जेवणघराच्या दाराबाहेर भांडी ठेवायला ती फरशी होती. ती अगदी लहान असताना तिच्या मोठ्या सावत्र भावाने तिला उचलून त्या फरशीवर बसवलं आणि तिच्या कपड्यांखाली हात घातला. तारीख नाही, वार नाही. फरशी आहे, आणि त्याने आता थांबावं असं वाटत होतं, ते आहे. आरशाची लाज यातूनच आली असं ती छातीठोकपणे म्हणत नाही, यातूनही आली असेल म्हणते. हे लिखाण छापलं गेलं 1976 साली, ती जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. मला ही आठवण खरी वाटते ती तिच्यात जागोजाग भोकं आहेत म्हणून. घटना तासातासाने, कुठेही न अडखळता सांगणारं पुस्तक हाती आलं की उलट मी सावध होतो.

आता अमेरिकन लेखिका माया अँजेलो. तिचं पुस्तक 1969 सालचं. आठ वर्षांची असताना आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला. खटला उभा राहिला आणि ही एवढीशी पोर साक्षीदाराच्या जागी. वकील विचारतो, या माणसाने त्याआधी कधी तुला हात लावला होता का? लावला होता. पण हो म्हटलं तर आधी का सांगितलं नाहीस असं सगळे म्हणतील, घरचे दूर लोटतील, या भीतीने ती नाही म्हणते. म्हणजे भर कोर्टात खोटं बोलते. त्या माणसाला शिक्षा होते, तो लगेच सुटतोही, आणि थोड्याच वेळात त्याचा खून झालेला आढळतो. मुलीच्या मनात हिशेब पक्का होतो, की आपण खोटं बोललो म्हणून माणूस मेला. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं ती एका भावाखेरीज कोणाशी बोललीच नाही.

ते प्रकरण वाचून झाल्यावर "मुलगी खोटं बोलली" या तीन शब्दांचं काय करायचं, सांग. प्रश्न वकिलाने असा बेतलेला होता, की कुठलंही उत्तर तिच्यावरच उलटावं. डेव्ह पेल्झर या अमेरिकन लेखकाच्या आत्मकथनातला मुलगाही शाळेत असंच सांगतो, दारावर आपटलो म्हणून. मारलेलं असतं आईने. घर सांभाळायला मुलं खोटं बोलतात, ज्याने मारलं त्याला पाठीशी घालतात, आणि पुढे कधी तरी तोंड उघडलं की हेच जुनं खोटं त्यांच्यासमोर नाचवलं जातं. म्हणून तुझा प्रश्न मला पुरता निरागस वाटला नाही. तो तू विचारतोस तेव्हा ती चौकस बुद्धी आहे, हे मान्य. पण हाच प्रश्न त्या मुलांना आयुष्यभर विचारला गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं.

पेल्झरचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो, नाहीतर मी फक्त सोयीची उदाहरणं दिली असं म्हणशील. त्याचं पुस्तक 1995 सालचं, प्रचंड खपलं, आणि त्यातल्या तपशिलांवर बरेच आक्षेप आले. एका भावाने सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. दुसऱ्या भावाने, रिचर्डने, दहा वर्षांनी स्वतःचं पुस्तक लिहून सांगितलं की घडत होतं, मी आईला चुगल्या करत होतो, आणि डेव्हला घरातून हलवल्यावर माझी पाळी आली. एकाच छपराखालची मुलं ही. मला स्वतःला पेल्झरचं लिहिणं रुचत नाही, फार भडक आहे. पण भडक लिहिलंय आणि खोटं लिहिलंय, या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिली मी करीन, दुसरी करायला माझ्याकडे पुरावा नाही. (त्याच्या यशानंतर ब्रिटनमधल्या पुस्तकांच्या दुकानांत या प्रकारासाठी वेगळी कपाटं लागली होती. प्रत्येक मुखपृष्ठावर एक रडवेलं मूल. दुःखाचा बाजार मांडला की त्यात बनावट मालही येणारच. पण त्याचा राग खऱ्याखुऱ्या सोसणाऱ्यांवर कशाला काढायचा?)

या सगळ्यात मला सर्वात प्रामाणिक वाटलं ते टॅरा वेस्टओव्हर या अमेरिकन लेखिकेचं पुस्तक, 2018 सालचं. ती लहानपणापासून रोजनिशी लिहायची. भावाने तिला गाडीतून खेचून बाहेर काढलं, मनगट पिरगाळलं, त्या रात्री तिने घडलं ते लिहिलं. मग भाऊ येऊन म्हणाला, तो सगळा खेळ होता, तुला लागलं हे मला कळलंच नाही. तिलाही वाटायला लागलं की आपलंच काही तरी चुकलं असेल, आपण नीट ओरडलोच नसू. तिने दुसरी नोंद लिहिली, गैरसमज झाला अशी. पण पहिली फाडली नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहू दिल्या. पुस्तक लिहितानाही तिने हेच केलं. जिथे भावंडांना प्रसंग वेगळा आठवत होता तिथे तळटीप देऊन तसं सांगितलं. कोणत्या आठवणीवर किती भार टाकायचा ते तिने वाचकाला दाखवून दिलंय. तू "खरं कशावरून" म्हणतोस ना, त्याचं याहून चोख उत्तर माझ्या वाचनात नाही.

मी ही पुस्तकं वाचतो ती बापाच्या नजरेने, त्यामुळे माझं लक्ष जखमांवर कमी आणि खोलीतल्या इतर मोठ्या माणसांवर जास्त असतं. कोणाला दिसलं होतं? कोणी विचारलं? पेल्झरच्या शाळेतली परिचारिका त्याच्या अंगावरचे वळ लिहून ठेवत होती आणि 1973 साली शाळेनेच पोलिसांना बोलावलं. अँजेलोच्या गावातल्या एका बाईंनी त्या मुक्या मुलीला घरी नेऊन तिच्यासमोर पुस्तक मोठ्याने वाचलं. काय झालं ते विचारलं नाही, बोल म्हणून मागेही लागल्या नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला व्हनेसा स्प्रिंगोरा या फ्रेंच लेखिकेचं 2020 सालचं पुस्तक. चौदाव्या वर्षी तिला नादी लावणारा पन्नाशीचा माणूस नावाजलेला फ्रेंच लेखक होता आणि अल्पवयीन मुलामुलींशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल तो स्वतःच उघडपणे लिहीत असे. लपलेलं काहीच नव्हतं. लोक त्याला टीव्हीवर बोलावून हसत होते. 1990 साली एका कार्यक्रमात एका कॅनेडियन लेखिकेने त्याला तोंडावर सुनावलं, तर साहित्यातल्या मंडळींनी तिलाच झोडपलं. स्प्रिंगोराच्या पुस्तकानंतर मात्र पुढच्याच वर्षी, जानेवारी 2021 मध्ये कामीय कूशनेर या दुसऱ्या फ्रेंच लेखिकेचं आलं, सावत्र वडिलांनी भावावर केलेल्या अत्याचाराबद्दल. आणि एप्रिलमध्ये फ्रान्सने कायदा बदलला. मोठ्या माणसाने पंधरा वर्षांखालच्या मुलाशी संबंध ठेवले तर मुलाची संमती होती का, हा प्रश्नच त्यातून काढून टाकला. घरातल्या नात्यात ती मर्यादा अठराची. एवढी माणसं सगळं जाणून होती आणि एका बाईने लिहीपर्यंत काही हललं नाही, हे वाचून माझी दोन दिवस चिडचिड होत होती. तुझ्या आईला विचार.

आणखी एक. हे वाचणं म्हणजे परीक्षा नव्हे. झोप उडत असेल तर पुस्तक मिटून ठेव. अर्धं सोडलंस तर लिहिणाऱ्याचा अपमान होत नाही. एकामागून एक वाचू नकोस. मधे काही तरी भलतंच वाच, विनोदी वाच.

आता जे लिहितो ते एकदाच लिहितो, पुन्हा काढणार नाही. तू ही पुस्तकं का वाचतोयस ते मी विचारत नाही. कुतूहल असेल, अभ्यास असेल, कोणी दिली असतील. पण यातलं काही तुझ्यापाशी असेल, किंवा तुझ्या एखाद्या मित्रापाशी, तर मला सांगताना क्रम जुळवून आणायची गरज नाही. अर्धवट सांग, उलटसुलट सांग, एकदा एक आणि नंतर दुसरं सांगितलंस तरी चालेल. "इतके दिवस का बोलला नाहीस" हे मी विचारणार नाही. नात्यातल्या माणसाचं नाव निघालं तरी आधी तुझं ऐकेन, त्याचं नंतर बघू. आणि मला सांगावंसं वाटलं नाही तर आईला सांग, नाहीतर या कामातल्या जाणकार समुपदेशकाला. त्याचं मला वाईट वाटणार नाही. म्हणजे थोडं वाटेल, पण ते माझं मी बघेन.

काहीच नसेल तर हा परिच्छेद बाबाच्या जास्तीच्या काळजीच्या खात्यावर मांडून टाक.

वेस्टओव्हरचं पुस्तक माझ्याकडे आहे, पाठवतो. मार्जिनमध्ये माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्या दोन नोंदींपाशी आलास की तुला कुठली पटली ते कळव. आईचं आणि माझं त्यावर एकमत झालेलं नाही.

तुझा,
बाबा