आधी मागचा ब्रेक, मग व्हीली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोटरसायकलवर व्हीली मारायला, म्हणजे पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर गाडी चालवायला कसं शिकावं, यावरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. वर्तमानपत्रांना या विषयात टवाळखोर पोरांच्या उपद्रवापलीकडे सहसा काही दिसत नाही. आपण तो कौशल्य म्हणून हाताळलात याचा आनंद आहे. पण लेखात जी कृती दिली आहे ती वाचून कोणी गाडी बाहेर काढली, तर तो पाठीवर आपटेल. 'पहिल्या गिअरमध्ये वेग घ्या, हँडल जोरात वर ओढा, पूर्ण रेस द्या, बाकी सगळा धाडसाचा भाग' असा त्या कृतीचा सारांश. चांगला पाऊण पानाचा लेख, आणि त्यात मागच्या ब्रेकचं नावसुद्धा नाही.

मी बंद मैदानावर ट्रायल्स (अडथळ्यांवरून तोल सांभाळत जायच्या हलक्या गाड्या) आणि डर्ट बाइक (कच्च्या वाटांच्या गाड्या) चालवायला शिकवते. शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी आम्ही चाक उचलू देत नाही. तो रुसतो. ढिगाने रील पाहून आलेला असतो, आणि आम्ही त्याला सांगतो की गाडी चालण्याच्या वेगाने ने आणि मागचा ब्रेक दाब. परत फिर, परत दाब. उजव्या पायाचा चवडा पेडलवरून हलू द्यायचा नाही. दुपारपर्यंत तो आमच्या नावाने बोटं मोडत असतो.

यामागचं कारण असं. पुढचं चाक उचललं जातं ते मागच्या टायरच्या रेट्याने. टायर जमिनीपाशी गाडीला पुढे ढकलतो, पण गाडीचं आणि चालवणाऱ्याचं वजन जमिनीपासून बरंच वर असतं आणि ते मागे राहू पाहतं, म्हणून नाक वर येतं. मागचा ब्रेक नेमकं उलटं करतो. त्याच टायरपाशी जोर मागच्या दिशेने लागतो आणि नाक लगेच खाली येतं. रेस सोडली तरी चाक खाली येतं हे खरं, पण गाडी बॅलन्स पॉइंटच्या अलीकडे असेल तोवरच. त्या पलीकडे वजनच तुम्हाला मागे ओढायला लागतं. तिथे रेस सोडल्यावर इंजिनाचा अटकाव थोडीफार मदत करतो, पण घाबरून क्लच दाबला असेल तर तीही गेली. मग उरतो फक्त पायाखालचा ब्रेक.

हा बॅलन्स पॉइंट कुठे असतो तेही लेखात हवं होतं. गाडी आणि माणूस मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर आला की तोल साधतो. गाडीगणिक आणि बसण्यागणिक फरक पडतो, पण नाक साधारण साठ अंशांच्या आसपास उचललेलं असतं. नवख्याला हे पटत नाही. वीस-तीस अंशांवरच त्याला वाटतं, आता उलटलो. कोणीतरी बाजूने फोनवर चित्रित केलेलं दाखवलं की चाक जेमतेम गुडघाभर उचललेलं दिसतं आणि तो हिरमुसतो. सुरुवातीला ही भीती कामाची असते, ती घालवायची घाई करू नये. ती मोडते तेव्हाच खरा धोका सुरू होतो. नाक जसजसं वर जातं तसतसा ते टिकवायला लागणारा रेटा कमी कमी होत जातो, आणि शिकणारा मात्र मूठ तेवढीच पिळून ठेवतो. म्हणजे शेवटच्या काही अंशांत गाडी सर्वांत वेगाने वर जाते, तेही त्याने जास्तीचं काही न करता.

हँडल ओढण्याच्या सल्ल्याबद्दल काय बोलावं! ज्या पाटावर बसलोय तोच पाट दोन्ही हातांनी उचलण्यातली ही गत आहे. सायकलला हे चालतं, कारण सायकल माणसापेक्षा कितीतरी हलकी असते. दीडशे किलोंच्या गाडीला त्याने फार तर किंचित मदत होते, तीही अंग मागे गेल्यामुळे. उलट नुकसान मोठं होतं. चाक उचललं की अंग मागे सरकतं, कोपर सरळ होतं, उजवं मनगट खाली वळतं आणि रेस आणखी उघडते. रेस उघडली की अंग आणखी मागे. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की हे अगदी स्पष्ट दिसतं: आधी कोपर ताठ होतं, मग इंजिनाचा आवाज चढतो आणि त्याच वेळी उजव्या बुटाचं टोक पेडलवरून सुटून वर येतं. फुटरेस्टवर टाच दाबून माणूस स्वतःला सावरायला बघतो, त्यामुळे ज्या क्षणी ब्रेक हवा नेमक्या त्याच क्षणी पाय ब्रेकवर नसतो. यावर उपाय एकच, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि हात सैल ठेवायचे. हँडलला लोंबकळणाऱ्याला व्हीली कधीच येत नाही.

मग चाक उचलायचं कशाने? हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधलं अंतर साधारण 1.4 मीटर, गुरुत्वमध्य त्याच्या मधोमध आणि जमिनीपासून 65-70 सेंटीमीटर उंच धरला, तर निव्वळ रेसवर नाक उचलायला जवळजवळ गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग लागतो. म्हणजे तीन सेकंदांच्या आत शून्यावरून ताशी 100 किलोमीटर गाठण्याइतका जोर. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना खालच्या गिअरमध्ये ते जमतं. शे-दीडशे सीसीच्या गाडीला जमत नाही, तिथे क्लच लागतो. हळू चालत्या गाडीवर एका-दोन बोटांनी क्लच दाबायचा, इंजिन थोडं फिरू द्यायचं आणि क्लच झटकन सोडायचा. इंजिनातल्या फिरत्या क्रँक आणि फ्लायव्हील या जड भागांमध्ये साठलेली ताकद एका दणक्यात चाकाला मिळते. वेग घेण्याची गरजच नाही. पहिल्या गिअरमध्ये, धावत्या माणसाने गाठावं इतपत वेगात हे होतं. शिकताना एवढंच करायचं: क्लच, वीतभर उचल, लगेच मागचा ब्रेक. उचल, ब्रेक. पायाला हे इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की डोक्याला विचारावं लागू नये. उंची त्यानंतर आपोआप वाढते.

लेखात असंही म्हटलं आहे की मोठी गाडी आणि दंडात ताकद असल्याशिवाय व्हीलीच्या नादी लागू नये. विक्रमांकडे पाहिलं तर वेगळंच दिसतं. अमेरिकेच्या डग डोमोकोसने 1984 मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतपट्ट्यावर सलग 145 मैल, म्हणजे सुमारे 233 किलोमीटर एका चाकावर गाडी नेली. 1991 मध्ये जपानच्या यासुयुकी कुडोने तो आकडा 331 किलोमीटरवर नेला, तोही होंडाच्या हलक्या ट्रायल्स गाडीवर. पुढे 2017 मध्ये जपानच्याच मासारू आबेने 500 किलोमीटर ओलांडले. त्याचं वाहन होतं यामाहाची जॉग ही छोटीशी स्कूटर! तेरा तासांच्या आसपास तो मागच्या चाकावर होता. इतका वेळ दंडाच्या जोरावर कोण तग धरणार? आणि जिथे ताकदीला तोटा नाही त्या मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या सर्वोच्च जागतिक शर्यतींत, व्हीली नकोशी असते, कारण चाक हवेत गेलं की रेस कमी करावी लागते आणि वेळ जातो. डुकाटी कंपनीने 2015-16 च्या सुमारास गाड्यांना पंख लावले, नंतर गाडी खाली बसवणारी यंत्रणा आली, त्यामागे एक मोठा हेतू नाक जमिनीवर ठेवणं हाच होता.

चाक खाली आणण्याबद्दल लेखात एकच वाक्य आहे, 'चाक अलगद टेकवा'. कसं? ब्रेकने नाक खाली येऊ लागलं की पाय सोडायचा आणि टेकण्याच्या आधी किंचित रेस द्यायची, म्हणजे ते आदळत नाही. हँडल अगदी सरळ हवं. हवेतलं चाक हळू पडलेलं असतं; ते तिरकं टेकलं तर हँडल दोन्ही बाजूंना फडफडायला लागतं, आणि वेग असेल तर त्यातून सावरणं कठीण.

दर वेळी चाक आदळलं तर गाडी ते विसरत नाही. अशा गाड्या दुरुस्तीला येतात तेव्हा मी आधी पुढचं चाक वर टांगते आणि हँडल दोन बोटांनी हळूच डावीकडून उजवीकडे फिरवते. बरोबर मध्यावर आलं की ते खाचेत बसल्यासारखं 'टक्' करून अडतं. हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटच्या वाट्यांमध्ये गोळ्यांनी खड्डे पाडलेले असतात. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचं ओलं कडं असतं, म्हणजे सील गेलं. मागचा नंबरप्लेटचा पत्रा घासलेला असेल तर विचारावंच लागत नाही. लांब व्हीलीत आणखी एक गोष्ट घडते. इंजिनातलं तेल मागे जमतं आणि पंपाची जाळी उघडी पडू शकते. तेलाचा दिवा लागूनही कोणी मजेत पुढे गेला, तर बेअरिंगांचा खर्च ठरलेला. बऱ्याच नव्या गाड्यांवर मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल असतो. पुढचं चाक हळू आणि मागचं जोरात हे पाहून साध्या यंत्रणेला वाटतं, मागचं चाक घसरतंय. ती ताकद तोडते आणि नाक धाडकन खाली येतं. त्यामुळे आपली गाडी काय करते हे आधी माहीत हवं.

कुठे शिकावं याबद्दल लेखाने 'मोकळा रस्ता' सुचवला आहे. मोकळा रस्ता मोकळा राहत नाही. व्हीलीत चालवणाऱ्याला पुढचं धड दिसत नाही, पुढचा ब्रेक निकामी असतो आणि नवख्याला वळताही येत नाही. रस्ता नकोच. बंद, सपाट आणि लांब जागा हवी, सोबत दुसरा माणूस हवा. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर जाणारे बूट, पाठीचं कवच हवं. काही प्रशिक्षण केंद्रांत गाडीला मागे टेकण लावतात, म्हणजे नाक ठरावीक उंचीपलीकडे जाऊच शकत नाही. ती सोय मिळाली तर जरूर घ्यावी. आणि हे सारं निव्वळ मिरवण्यासाठी असतं असंही नाही. आडवा ओंडका किंवा चर ओलांडायला ट्रायल्स आणि एंड्युरोवाल्यांना (खडबडीत वाटांवरच्या लांब शर्यतवाल्यांना) पुढचं चाक हवं तेवढंच उचलता यावंच लागतं.

माझी विनंती आहे की त्या लेखाची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. दुरुस्त्या एरवी कोपऱ्यात जातात, आणि हा लेख ज्या वयाची मुलं वाचतात ती कोपरे वाचत नाहीत. लेखाच्या तळाशी लिहिलं आहे की पुढच्या भागात स्टॉपी शिकवणार आहेत. तो भाग छापण्याआधी कृपया कुणा शिकवणाऱ्याच्या नजरेखालून घाला. स्टॉपीत मागचं चाक हवेत असतं, त्यामुळे मागचा ब्रेक तिथे कामाचा नाही. सुटका पुढचा ब्रेक हलका करण्यातच असते, आणि घाबरलेला माणूस तो सोडत नाही, आणखी आवळतो.

आपली,
एक वाचक व मोटरसायकल प्रशिक्षक