पोटमाळ्यावरची खोली आणि आपलं धाबं

हॅरो, लंडन
१७ फेब्रुवारी

ती. भाऊ आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बठ्ठा बेस शेतस ना? फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. इकडचे लोक घरात राहूनच वर मजला आणि मागे खोली कशी काढतात, आणि अमळनेरच्या घरावर तसं जमेल का. फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इकडच्या जुन्या घरांना गच्ची नसते. विटांच्या भिंती, त्यावर दोन्हीकडे उतरतं कौलारू छप्पर आणि त्याच्या पोटात रिकामा माळा. जुन्या सुटकेसा आणि पाण्याची टाकी ठेवायची ती जागा. तिचीच झोपायची खोली करतात. आढ्यापासून माळ्याच्या लाकडांपर्यंत निदान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट उंची असेल तरच पुढचं बोलायचं. कारण खालून जमीन वर येते, वरून थंडी अडवणारे बोर्ड खाली येतात आणि दोन्हीकडून मिळून फूटभर सहज जातो.

माळ्यातल्या आडव्या लाकडांवर फळ्या ठोकल्या की झाली खोली, असं बघणाऱ्याला वाटतं. पण ती लाकडं चार बाय दोन इंचांची. खालचं छत धरायचं आणि छपराचे पाय बाहेर फाकू द्यायचे नाहीत, एवढंच त्यांचं काम. पलंग, कपाट, माणसं यांचा हिशोब त्यांत धरलेला नसतो. म्हणून सात-आठ इंच उंचीची, दोन इंच जाडीची नवी लाकडं जुन्यांच्या मधून घालतात आणि ती खालच्या छताला टेकू देत नाहीत, बोटभर फट ठेवतात. टेकली की वर कोणी चाललं तरी खालच्या प्लास्टरला भेगा. ही लाकडं बसतात लोखंडी गर्डरांवर आणि गर्डर बसतात दोन बाजूंच्या भिंतींत. गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा हवाच. तो नसला तर सगळा भार दोन-चार विटांवर येतो आणि विटा चुरतात. अख्खा गर्डर माळ्यात शिरत नाही, म्हणून तुकडे वर नेऊन बोल्टांनी जोडतात. जोड कुठे घ्यायचा ते इंजिनिअर ठरवतो, सोय पाहून गवंडी नाही.

क्रमही ठरलेला. आधी गर्डर, मग नवी जमीन, मग कडेच्या बुटक्या लाकडी भिंती. छपराखालचे जुने तिरपे टेकू त्यानंतरच कापायचे. ते मध्ये येतात म्हणून आधीच काढले की छप्पर पोटात बसतं आणि बाहेरच्या भिंतींना ढकलतं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. मागच्या उतारावर डॉर्मर, म्हणजे उभ्या भिंतीचा आणि सपाट छपराचा छपराबाहेर येणारा भाग, काढतात, त्याने उभं राहण्याची जागा वाढते. इंग्लंडमध्ये ओळीतल्या घराला ४० घनमीटर आणि जोडघराला किंवा सुट्या घराला ५० घनमीटर एवढी वाढ बहुतेक ठिकाणी प्लॅनिंगची वेगळी परवानगी न घेता चालते. रस्त्याकडच्या उतारावर मात्र नाही. बांधकामाच्या नियमांची तपासणी कोणालाच चुकत नाही. सामाईक भिंतीत गर्डर घालायचा तर १९९६च्या कायद्याने शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्या गल्लीत हे ओट्यावर बसून तोंडी ठरतं आणि मग दहा वर्षं बोलणं बंद होतं. नोटिशीची पद्धत मला बरी वाटते.

आता राहण्याचं. वहिनींना त्याचंच नवल वाटत होतं. खरी युक्ती जिन्याची आहे. बाहेरून पाइपांची परांची बांधतात आणि मजूर, लाकूड, लोखंड सगळं तिच्यावरून छपरातूनच माळ्यात उतरतं. घरातल्या जिन्यासाठी छत फोडायचं काम अगदी उशिरा, वरचं छप्पर बंद होऊन पाऊस आत येणार नाही अशी खात्री झाल्यावर. तोवरचे आठवडे खाली आवाज येतो, पण धूळ फारशी येत नाही. छत फुटलं की मात्र जुन्या प्लास्टरची आणि शंभर वर्षांच्या काजळीची धूळ डब्यातल्या साखरेपर्यंत पोचते. चेनवाला प्लास्टिकचा पडदा लावतात, तरी कपडे पिशव्यांत बांधून ठेवणं बरं. टाकी काढून नळाची जोडणी बदलतात तेव्हा एक-दोन दिवस गरम पाणी नसतं, इथल्या थंडीत ते धुळीपेक्षा जास्त जाचतं.

दोन मजल्यांचं घर तीन मजल्यांचं झालं की आगीचे नियम बदलतात. वरून खिडकीतून उडी मारता येत नाही, म्हणून जिना सुरक्षित ठेवायचा. जिन्याकडे उघडणाऱ्या खोल्यांना अर्धा तास आग अडवणारी दारं आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म. लोक हा खर्च आधी धरत नाहीत आणि पुढे कुरकुरतात.

मागच्या खोलीचं काम जमिनीत अवघड. पाया निदान मीटरभर खोल आणि जवळ झाड असेल तर त्याहून पुष्कळ खोल, कारण लंडनखाली चिकणमाती आहे. कोरड्या उन्हाळ्यात ती आकसते, ओली झाली की फुगते आणि झाडाची मुळं तिच्यातलं पाणी ओढतात. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर चर बघून जातो. खोदताना शेजाऱ्यांचाही मैला वाहून नेणारा जुना पाइप लागला तर पाणी कंपनीची मंजुरी आल्याशिवाय त्याच्यावर बांधता येत नाही. तेवढ्यावरून काम महिनाभर अडकल्याचं कानावर येतच असतं. नवा आणि जुना भाग जिथे भेटतो तिथे उभी फट सोडून लवचिक सील भरतात, कारण नवा पाया थोडा बसणारच. फट न सोडता जोडलं तर भिंत स्वतःच आपली फट शोधते.

हे सगळं लिहिलं ते आपल्या घरासाठी. आपलं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, सागाच्या तुळयांवर आहे, तुळया खांबांवर आणि खांब दगडी उथळ्यांवर. मातीच्या भिंती मध्ये भरलेल्या आहेत, त्या छप्पर पेलत नाहीत. मिस्तरी म्हणतो की धाब्यावरची फूटभर माती काढली की स्लॅब तिच्यापेक्षा हलकाच. त्याचं गणित खोटं नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे सहा टन आणि पाच इंची स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास. पण मातीचा भार खांबांतून उतरतो. स्लॅबसाठी मिस्तरी खांब काढणार आणि भार मातीच्या भिंतींवर टाकणार. शिवाय स्लॅबवर खोली उभी राहिली की नऊ इंची विटेची दहा फूट उंच भिंत रनिंग फुटाला ४०० किलोच्या वर जाते. ते त्याने धरलेलं नाही.

खाली आपली काळी माती. इथल्या चिकणमातीचाच स्वभाव, फक्त जास्त आडदांड. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो, जुलैत तीच फुगून पाया उचलते. म्हणून वर मजला हवाच असेल तर नवे आरसीसी कॉलम स्वतःच्या फुटिंगवर, मुरूम लागेपर्यंत खोल, जुन्या भिंतींना न टेकता. मुरूम फार खाली असेल तर अंडर-रीम पाइलचं, म्हणजे बुडाशी फुगवलेल्या खोल काँक्रीटच्या खांबांचं, इंजिनिअरला विचारा. आणि वर विटांऐवजी लोखंडी सांगाडा व पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या. वजन कितीतरी कमी. नुसत्या पत्र्याखाली आपल्याकडच्या ४५ अंशांत दुपारी कोणी बसणार नाही.

माझ्या मते वर जाऊच नये. परसात जागा आहे, तिथे वेगळ्या पायावर दोन खोल्या काढाव्यात, जुन्या घराशी उभी फट ठेवून. धाब्यावर दरवर्षी नवी माती चढत गेली आहे, ती जादा माती उतरवून योग्य उतार देऊन वरून वॉटरप्रूफिंग करावं. मे महिन्यात त्याच्याखाली मिळणारा गारवा स्लॅबखाली मिळणार नाही.

मला एवढं मोजून कळवा: तुळयांची जाडी आणि दोन खांबांतलं अंतर, धाब्यावर माती किती इंच आहे, आणि परसात विहिरीच्या बाजूला खड्डा घेतला तर मुरूम किती फुटांवर लागतो. खांबांचं बूड उथळ्यावर बसतं तिथे खिळा टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी आहे. मिस्तरीला इसार अजून देऊ नका. पुढे देतानाही पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाचे.

आईला साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा भाऊ