शून्य असलं तरी शून्य लिहून दे

दांडिया बाजार, बडोदा
11 एप्रिल 2025

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून जपानमधल्या तुझ्या विम्याचं सगळं लिहून पाठवते आहे. नीट वाच आणि सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन ये. नव्या घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, ते दिवस सरत आलेत. पत्ता नोंदवलास की तिथेच विम्याची खिडकी विचार. कोकुमिन केन्को होकेन, म्हणजे तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा, म्हटलंस की दाखवतील.

"मी ठणठणीत आहे, पार्टटाइम काम लागलं की विमा काढीन," असं म्हणालीस. अगं, हा आपल्या मर्जीने काढायचा विमा नाही. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालासुद्धा, नोकरीतून दुसरा विमा नसेल तर, यात नाव घालावंच लागतं. सहा महिन्यांनी गेलीस तरी हप्ता पहिल्यापासूनचाच मागतील, आणि मधल्या काळात डॉक्टरकडे गेलीस तर ते बिल मात्र पुरतं तुझ्या अंगावर पडू शकतं. मग वाचलं काय?

दुसरं, तुझा दमा. इथून निघताना काढलेली प्रवासाची पॉलिसी मी ओळ न ओळ वाचली आहे. जुन्या आजारात जिवावर बेतलं तरच पैसे, एरवी नाही. इनहेलर पार्सलने पाठवावा म्हटलं तर महिन्याभरापेक्षा जास्त औषधाला आधी तिथली परवानगी लागते. म्हणजे तुला डॉक्टर तिथलाच हवा. जपानच्या या विम्यात जुना आजार म्हणून कोणाला अडवत नाहीत, वेटिंग पिरियड नाही. 10,000 येनचं बिल झालं तर तू 3,000 द्यायचे, बाकीचे विमा देतो. दम्याचं काही लपवू नकोस, लपवायची गरजच नाही.

हे मी एवढं जीव तोडून का सांगते, ते तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलात कॅशलेस विम्याच्या टेबलावर बसून दिवसभर हेच बघते. परवा डभोईहून एक काका आले होते, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन. हातात पॉलिसीची प्लास्टिकची पिशवी, हप्ते वेळच्या वेळी भरलेले. पॉलिसीला वर्ष व्हायचं होतं आणि गुडघ्याला दोन वर्षं थांबायचं कलम. टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीचं, नकाराचं पत्र मी वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बेन, हवे शुं करवानुं?" (ताई, आता काय करायचं?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांच्या गावचं आयुष्मान कार्ड निघतंय का, ते शोधत बसलो. असं कलम ज्या विम्यात नाही तो तुला मिळतोय, आणि तू तो पुढे ढकलतेस, हे मला पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो. तुझं तिथलं मागचं उत्पन्न काहीच नाही, म्हणून हप्त्याच्या माणशी ठरलेल्या भागात 70 टक्के सूट मिळते. पण उत्पन्न नाही हे त्यांना कळायला हवं. उत्पन्नाची माहिती द्यायचा फॉर्म माग आणि शून्य असलं तरी शून्य लिहून दे. दरवर्षी दे. 2025 च्या नियमांप्रमाणे कमी उत्पन्नवाल्यांना उपचारासाठी महिन्याला 35,400 येनच्या वर आपला वाटा भरावा लागत नाही. देव न करो, पण दवाखान्यात राहायची वेळ आली तर ही मर्यादा फार मोठा आधार आहे. फॉर्म दिलेला नसेल तर ती लागू होत नाही. बिल समोर आल्यावर कागद शोधणारी माणसं मी रोज बघते, तू त्यांच्यात नकोस.

तू फोटो पाठवलेल्या पुस्तिकेत आणखी दोन गोष्टी दिसल्या. विम्याचं जुनं कार्ड 2 डिसेंबर 2024 पासून नव्याने देत नाहीत. माय नंबर कार्ड (तिथलं ओळखपत्र) येईपर्यंत विम्याच्या पात्रतेचा कागद देतील, तो पाकिटात ठेव. आणि साध्या खोकल्याला थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नकोस. दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गेलं तर 7,000 येन किंवा जास्त वरचे लागतात, आणि ते विम्यात बसत नाहीत. घराजवळचं क्लिनिक आधी गाठ.

पूर्वी परदेशी लोकांना या विम्यात नागरिकत्वाची अट आडवी यायची. ती 1986 मध्ये उठली. तेव्हा खिडकीवर संकोच करू नकोस, उपकार मागायला गेल्यासारखी तर मुळीच उभी राहू नकोस. हप्ता भरणार आहेस, तुझा हक्क आहे.

वीस वर्षं पूर्ण झालेल्यांना पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं. विद्यार्थ्यांना हप्त्यासाठी मुदत मिळते, त्याचा अर्ज त्याच दिवशी विचारून घे. बाबा म्हणतात, सगळ्या कागदांचे फोटो काढून ग्रुपवर टाक.

इनहेलरचे किती डोस उरलेत ते आज रात्रीच कळव.

तुझी,
आई