वरच्या मजल्यावर गोट्या कोण खेळते?

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की गृहनिर्माण सोसायट्यांच्या तक्रारवहीत एक तक्रार ठरलेली असते: 'वरच्या फ्लॅटमध्ये मध्यरात्री गोट्या खेळतात, ठोकतात, काहीतरी ओढतात.' वरचे म्हणतात, आम्ही तर दहालाच झोपतो. त्यातून वरचा फ्लॅट कुलूपबंद असला तर तक्रारीला वेगळाच रंग चढतो. कोणी वास्तुतज्ज्ञ सुचवतो, कोणी उतारा. यांतले काहीही करण्याआधी, आणि शेजाऱ्याशी बोलणे टाकण्याआधी, सोसायटीच्या पंपाची वेळ पाहावी, असे सुचवण्यासाठी हे पत्र.

आवाजाचे मूळ शोधायला कानापेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडते. चार-पाच रात्री आवाजाची वेळ मिनिटासकट लिहावी. आवाज एकदाच झाला की पुन्हा पुन्हा, पुन्हा झाला तर मधे किती वेळ गेला, हेही टिपावे. त्याच दिवसांत वॉचमनला पंप सुरू आणि बंद होण्याची वेळ लिहायला सांगावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की निम्म्याहून अधिक भुते तिथेच उतरतात. कित्येक गावांत नगरपालिकेचे पाणी रात्री किंवा पहाटे येते, त्यामुळे पंपही तेव्हाच चालतो.

पंप बंद होताना नेमके काय होते ते पाहा. खालच्या टाकीतून गच्चीवर जाणाऱ्या रायझर पाइपातले पाणी पंप थांबल्यावरही क्षणभर वर जात राहते, मग थबकते आणि उलटे फिरते. ते अडवायला पंपाजवळ एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असतो. त्याची झडप साध्या फ्लॅपची असेल आणि पिन झिजली असेल, तर ती उशिरा मिटते. तोवर परतणाऱ्या पाण्याला वेग आलेला असतो आणि ते झडपेवर आदळते. मॉस्कोच्या नळयोजनेवर प्रयोग करून रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी या धक्क्याचे गणित 1898 मध्ये मांडले. सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम अडले, तर लोखंडी पाइपात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 12 ते 13 किलोने दाब वाढतो. प्लास्टिकचे पाइप थोडे फुगतात, म्हणून त्यांत ही वाढ साधारण 4-5 किलोवर राहते. दाबाची ही लाट पाइपात वरखाली आपटत राहते आणि दर फेरीला क्षीण होते. डक्टमधले, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतले, क्लॅम्प सैल असतील तर तितक्या वेळा पाइप भिंतीवर टकटकतो, आधी जोरात आणि मग हळूहळू. हातातून पडलेली गोटी अशीच वाजते. काँक्रीटमधून आवाज दूरवर फारसा न विरता जातो आणि कानाला त्याची दिशा कळत नाही. तळमजल्यावरचा धक्का पाचव्या मजल्यावरच्या माणसाला 'वरून' ऐकू येतो तो यामुळे.

खात्री करायची तर पंप बंद करताना एकाने पंपघरात पाइपवर हात ठेवून उभे राहावे आणि दुसऱ्याने तक्रारदाराच्या खोलीत थांबून फोन चालू ठेवावा. धक्का आणि आवाज एकाच वेळी आले तर आणखी पुरावा नको. साध्या फ्लॅपच्या जागी स्प्रिंगचा एनआरव्ही बसवावा. पाणी उलटे फिरण्याआधीच स्प्रिंग झडप मिटवते. डक्टमध्ये रबर लावलेले क्लॅम्प घ्यावेत. अर्धा ते एक इंची आडव्या सीपीव्हीसी पाइपाला दर तीन फुटांवर आधार लागतो. प्लंबर घाईत तो सहा फुटांवर देतात आणि ते झाकून फॉल्स सीलिंग चढते.

घरातल्या घरात हाच धक्का वॉशिंग मशीनच्या आणि आरओच्या विजेवर मिटणाऱ्या व्हॉल्व्हने बसतो, कारण तो क्षणात बंद होतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना याचा त्रास जास्त. गच्चीवरच्या टाकीपासून 45 मीटर खाली असलेल्या नळावर साडेचार किलो दाब असतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो दोन-अडीच किलोवर आणावा.

मिनिटभर भुणभुण होते आणि भिंत थरथरल्यासारखी वाटते, ते बहुतेक वेळा टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हमुळे, म्हणजे तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणाऱ्या व्हॉल्व्हमुळे. टाकी भरत आली की पाण्यावरच्या लाटांनी गोळा वरखाली हलतो आणि व्हॉल्व्ह उघडमीट करत राहतो. येणारे पाणी पाइप जोडून टाकीच्या तळाशी सोडले की लाटाच उठत नाहीत. ठरावीक अंतराने दहा-पंधरा सेकंद 'फस्स' आवाज येत असेल तर फ्लश टाकीचे रबर गळते आहे. टाकीत चिमूटभर नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर रबर बदलायचे, बाकी काही नाही. पहाटे नळाने घातलेला हंबरडा म्हणजे रिकाम्या जलवाहिनीतली हवा. पाणी येण्याआधी ती बाहेर पडते, एवढेच.

बाथरूममधून गुळगुळ ऐकू येते आणि पाठोपाठ दुर्गंधी येते, त्याकडे मात्र दुर्लक्ष नको. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यात, साधारण 50 मिलिमीटर पाणी राहिले पाहिजे. गटाराचा वायू त्यानेच अडतो. वरच्याने फ्लश केल्यावर स्टॅकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या उभ्या पाइपात, पोकळी तयार होते. त्यात हवा घेणारा व्हेंट पाइप नसेल, किंवा गच्चीवर त्याचे तोंड पालापाचोळ्याने वा कबुतरांच्या काड्यांनी बुजले असेल, तर ती पोकळी तुमच्या ट्रॅपमधले पाणी ओढून घेते. तो ओढण्याचाच आवाज. त्या रिकाम्या वाटेने झुरळे येतात. गच्चीवर जाऊन कावल, म्हणजे व्हेंट पाइपच्या तोंडावरची जाळीची टोपी, साफ करणे हे दहा मिनिटांचे काम आहे, पण सोसायटीच्या कामाच्या यादीत ते सहसा नसते.

पाण्याशी वेळ जुळत नसेल तर उन्हाशी जुळवून पाहावी. सूर्यास्तानंतर सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत विरळ होत जाणारे आवाज आकुंचनाचे असतात. दिवसा तापलेला दहा फुटी पत्रा रात्री तीस अंशांनी निवला तर एक मिलिमीटर आखडतो. बोल्टाच्या भोकात अडकून बसला की तेवढे अंतर तो एका झटक्यात सुटतो आणि 'टण्' वाजतो. भोक बोल्टापेक्षा जरा मोठे ठेवून खाली रबराचा वॉशर घातला की आवाज जातो. वाड्यांतल्या सागवानी तुळया आणि कडीपाट यांचे कुरकुरणे उष्णतेपेक्षा हवेतल्या ओलाव्यावर जास्त चालते. पावसाळा संपून कोरडी हवा सुरू झाली की ते वाढते.

या गटातला सर्वांत दचकवणारा आवाज फरशीचा. व्हिट्रिफाइड टाइल्स 'जोड दिसू नये' म्हणून एकमेकींना चिकटवून बसवण्याची आपल्याकडे हौस आहे. कडाक्याच्या थंडीत खालचा स्लॅब आखडतो, टाइलला सरकायला जागा नसते आणि एखाद्या रात्री फटाका फुटावा तशी ती उचकटते. दोन टाइल्समध्ये 2 ते 3 मिलिमीटर आणि भिंतीलगत, स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी, 5-6 मिलिमीटर फट ठेवायलाच हवी. बसवून झालेल्या फरशीवर नाण्याने टकटक करावे. बद्द आवाज येईल तिथे खाली माल पोकळ आहे आणि पुढचा फटाका तिथेच.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. कोकणात कौलांवर रात्री जड पावलांनी फिरणारा बहुधा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. उंदराची धावपळ हलकी आणि भिंतीच्या कडेकडेने होते. लिफ्टच्या मशीनरूममधून किंवा टाकीखालून कोणी रात्रभर घोरत, फुत्कारत असेल तर ती गव्हाणी घुबडाची पिल्ले. भूक लागली की ती तसाच आवाज काढतात. दोनेक महिन्यांत उडून जातात, तोवर कळ काढावी. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (1972) घरटे हलवता येत नाही आणि उंदीर कमी होतात हा फायदा वेगळाच. प्राणी गेल्यावर भोके जाळीने बुजवावीत. आत असताना बुजवली तर मेल्याचा वास महिनाभर पुरतो.

दोन आवाज मात्र 'असेल काहीतरी' म्हणून सोडू नयेत. पहिला, स्विचबोर्डातली चरचर. रात्री विजेचा भार उतरतो, व्होल्टेज चढते आणि स्टॅबिलायझरचा रिले टकटकतो, ते निरुपद्रवी. पण बोर्ड हाताला कोमट लागत असेल, जळका वास येत असेल, तर जोड सैल आहे. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. दुसरा, कॉलम किंवा बीमजवळचा तडतड आवाज, सोबत गळणारे प्लास्टर आणि अचानक अडू लागलेले दार. तडे थोडे असतील तर त्यांवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तारीख घालावी. काच तडकली तर तडा वाढतो आहे. पण तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर पट्टीच्या भानगडीत न पडता आधी घराबाहेर पडावे आणि मग अभियंत्याला बोलवावे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे जुन्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी.

अख्ख्या वस्तीला एकाच क्षणी जमिनीखालून गडगड ऐकू आली, तर कारण घरात शोधू नये. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून बसलेल्या लहान, उथळ भूकंपांच्या वेळी लोकांनी असे आवाज ऐकले आहेत. वेळ टिपून तहसील कार्यालयाला कळवावी.

आपल्या दैनिकामार्फत सोसायट्यांच्या कार्यकारिणींना एक विनंती. पंपाच्या वेळा, एनआरव्ही शेवटचा कधी बदलला आणि व्हेंट पाइप कधी साफ केला, हे तिन्ही जिन्याखालच्या फलकावर लिहावे. पंपाचा टायमर रात्री अकरा ते पाच बंद ठेवता येत असेल तर ठेवावा. त्यासाठी खालची टाकी रात्रीत येणारे सगळे पाणी मावेल एवढी हवी. ती तेवढी आहे का, हे पुढच्या सभेत विचारावे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, ठाणे